पडद्यापलीकडची मासिकं

इंद्रपुरी, भोपाळ
१९ नोव्हेंबर

प्रिय संपदाताई,

पिंटूचा नमस्कार. अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय, कारण पुढे सांगतो. फोन भाऊजी उचलतात, म्हणून पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर. आई-बाबा मजेत. बाबा म्हणतात पिंटू कुठे टिकला तर पेढे वाटीन. पण इथे टिकलो होतो गं. नारायणभाऊंच्या सलूनमध्ये झाडपूस करायची. पुढे पुरुषांचं सलून, मधे पडदा, मागे रत्नप्रभावहिनींचं पार्लर. नवरा-बायकोचं एकच दुकान. समोर पोहे-जलेबी फर्स्टक्लास मिळते.

मासिकंसुद्धा पडद्याप्रमाणे वाटलेली. पुढच्या बाजूला उघड्या छातीचे पहिलवान, मोटारसायकली, ठोसा कसा मारावा याची चित्रं. मागे चेहऱ्याचे लेप, नवऱ्याचं मन कसं सांभाळावं, डोळ्याखालचा काळा डाग नारिंगी क्रीमने कसा झाकावा. वहिनी तसाच झाकायच्या. डाग कशाचा, ते सगळ्या गल्लीला माहीत.

परवा मासिकं पुसत होतो, तेवढ्यात गच्चीवर माकडं आली. एकाने कुणाचा तरी पेटीकोट डोक्यावर घेतला होता. ते बघून आलो आणि गठ्ठे उलटेपालटे ठेवून दिले, पुढचे मागे, मागचे पुढे.

एका गिऱ्हाइकाने बायकांचं मासिक उघडून मोठ्याने वाचलं, "नवरा हात उगारतो? आधी त्याला पाणी द्या. तो दमलेला असतो."

दुसरा तोंडाला फेस लावलेला. म्हणाला, "नारायणभाऊ, तुम्हाला रोज घागरभर लागत असेल."

सगळे हसले. भाऊंनी पडदा बाजूला ओढला आणि सगळ्यांदेखत वहिनींच्या कानाखाली मारली. त्या खुर्चीवरून पडल्या, तर पोटात लाथ. त्यांच्या हातात पुढच्या बाजूचं, ठोशांच्या चित्रांचं मासिक होतं. त्या उठल्या, मागचा पाय रोवला, आणि चित्रात दाखवलंय तसा खांद्यापासून ठोसा. भाऊ बेसिनवर आपटले. तोंडातून रक्त, बेसिनमध्ये दात. हसणाऱ्यांपैकी एकही उठला नाही.

मग भाऊंनी वस्तरा उचलला.

तो मी धरला. पात्याकडून. भिंतीवर, आरशावर, माझ्या शर्टावर रक्त. उजव्या हाताची दोन बोटं वाकतील का, डॉक्टर सांगत नाहीत. वहिनींनी ठाण्यात तक्रार दिली, मी साक्ष दिली. आईला म्हणालो, काच लागली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. भाऊबीजेला तू ओवाळायला वाकलीस, तेव्हा पावडरीखालून तुझ्या डोळ्याजवळही नारिंगी दिसत होतं. म्हणालीस, झोप होत नाही.

रविवारी नागपूरला येतोय. भाऊजींशी मारामारी करायला नाही, तेवढा हातच राहिला नाही. तुझी बॅग उचलायला डावा पुरेल. नाही म्हणालीस तर तुझ्या दारात बसून राहीन, मला कुठे नोकरी आहे?

दार उघडशील तेव्हा तोंड धुतलेलं असू दे.

वाट बघ.
तुझा डावखुरा,
पिंटू