मितूचा शेवटचा डोस

चि. कल्याणी,

खडकीहून सासूचा जय भीम.

मितूला आता ताप नाही. औषधाच्या तिसऱ्याच दिवशी मोरीतून ओरडली, "आजी, शू करताना दुखलं नाही गं!" मी टाळ्याच वाजवल्या. शेजारची वेणूबाई विचारते, "नातीला बक्षीस मिळालं काय?" म्हटलं, "त्याहून मोठं झालंय!"

चड्डी ओली होते म्हणून तू तिचं पाणी पिणं कमी केलंस. मीही तेच केलं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, म्हणाल्या जंतू झालेत. भरपूर पाणी पाजा, शाळेत शू दाबून ठेवू देऊ नका, आणि बरं वाटलं तरी औषध पुरं करा.

हे शेवटचं मला फार आवडलं बघ. तुम्ही दोघं कामावर, म्हणून बरी झालेली पोर औषधापायी माझ्याजवळच राहिली. दुपारी पत्ते खेळतो. ती लबाडी करते, मी करू देते.

उद्या शेवटचा डोस. फोनवर एवढंच सांगीन, "बरी झाली, घेऊन जा." हे पत्र काही टाकणार नाही. तू म्हणशील, म्हातारी पोरीच्या दुखण्यावर खूश झाली. तसं नाही गं. पण इतके दिवस माझ्या घरात बोलण्याचा आवाज होता.

तुझी,
चंद्रभागा