नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुनं घातलं त्याची हकिगत

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुम्ही दोघंही बरेच असाल, फोटोंवरून तरी तसंच दिसतं. वहिनीची कंबर आता कशी आहे? (तुम्ही आला होतात तेव्हा आपलं भरतकामाचं दुकान आवरताना तिने एक स्टूल उचललं होतं, तेव्हापासून दुखते असं ऐकलं.)

पत्राचं कारण, तू दिलेला कॉम्प्युटर. चांगला आहे. इतका चांगला, की तो बघून बाबा दुकानातून उठले ते तीन आठवडे फिरकले नाहीत. तू दोन दिवसांसाठी आलास, पहिल्या दिवशी त्यांचा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिलास आणि दुसऱ्या दिवशी नव्याला लाल फीत बांधलीस. मधे बाबांना विचारायचं तेवढं राहिलं. (गडबडीत राहतं एखादं.) आजारपणानंतर त्यांना शेजाऱ्यांची नावं आठवत नाहीत, आपण जेवलो का तेही आठवत नाही. पण भरतकामाच्या नक्षीचा तो जुना प्रोग्रॅम समोर आला की हात आपोआप चालतात. शाळेच्या बिल्ल्यावरचं पुस्तकाचं चित्र ते अजूनही माझ्याहून सुबक काढतात. तो प्रोग्रॅम तुझ्या नव्या यंत्रावर उघडतच नाही. बाबांनी दहा मिनिटं पडद्याकडे पाहिलं, हे कोणाचं दुकान म्हणून मलाच विचारलं आणि चपला घातल्या. मला त्या दिवशी तुझा फार राग आला, अजून आहे.

मग मी ठरवलं, नव्यात जुनी सिस्टीम घालायची. तिची आणि प्रोग्रॅमची अशा दोन्ही सीड्या बाबांनी बटणांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, पण नव्या यंत्राला सीडी घालायला तोंडच नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने (त्याला इथे सगळे डॉक्टर म्हणतात, आणि तोही रोग्यालाच दोष देतो) त्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या. पहिला पडदा आला, माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी माउस आणि कीबोर्ड दोन्ही मेले. जुन्या सिस्टीमला म्हणे त्यांच्या वायरी खोचायची ही नवी भोकं ओळखूच येत नाहीत. पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा, असं पडद्यावर लिहिलेलं. मी सगळी दाबली. डॉक्टरने पाठीमागे एक गोल भोक शोधून काढलं. त्यात बसणारा कीबोर्ड शेवटी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाला, तो त्यावर चष्मा ठेवायचा. तो लावला, तर यंत्र म्हणालं डिस्कच सापडत नाही. डिस्क आत होती, मी हात लावून पाहिली. पण तीही नव्या पद्धतीची, म्हणजे जुन्याला परकी. नाकी नऊ आले. शेवटी डॉक्टरच्या खोक्यातली एक जुनी डिस्क बसवली आणि सातव्या खेपेला गाडी मार्गाला लागली. आता तुझ्या यंत्रातून आवाज येत नाही, इंटरनेट मुद्दामच तोडलंय, अक्षरं वीतभर दिसतात आणि नवेपणाची एकही खूण उरलेली नाही. फीत तेवढी आहे.

काल बाबांना आणलं. ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि एका बिल्ल्याची कड सुधारायला घेतली. संध्याकाळी उठवावं लागलं.

वहिनीला नमस्कार. कंबर शेकायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. – पुढच्या वेळी भेट आणायची असेल तर रिकाम्या हाताने ये आणि चार दिवस राहा.

आणखी एक ता. क. – बाबांनी उठताना विचारलं, "थोरल्याने केलं ना हे?" मी हो म्हटलं. ते फार खूश झाले. रविवारी तुला फोन करणार आहेत. मीटिंगमध्ये असू नकोस. ते खोदून खोदून विचारतील, म्हणून तर वरचं सगळं इतकं सविस्तर लिहिलंय. पाठ करून ठेव.