बैलावर दोन लेख

बाबा, तुमचे लेख मी वाचले. सगळे वाचले. तुम्ही होता तेव्हा एकही वाचला नव्हता. तुम्ही कधी दाखवला नाही आणि मीही मागे लागले नाही, मला कामं होती. आता वाचावे लागले ते तुमच्या नातीमुळे. दादाची पोरगी, जिने कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या गावी, करडीला येऊन तुम्हाला तो ब्लॉग काढून दिला होता, ती आता नागपुरात नोकरीला आहे. मागे तिचा फोन आला. म्हणाली, "आत्या, आजोबाच्या ब्लॉगवर अजून लोक येऊन राहिले. पण येतात आन् लगेच जातात." मी म्हटलं, "काहून? बसायला सतरंजी नाही टाकली का तुम्ही?" ती हसली, मग तिनं समजावून सांगितलं. ब्लॉगवर शेवटी लिहिलेलं सगळ्यात वर दिसतं आणि जुनं खाली खाली दबत जातं. तुमचा शेवटचा लेख आहे विजेची लाईन जाते यावर. किती वेळा जाते, कधी येते, साहेब फोन का उचलत नाही. म्हणजे इतकी वर्षं जो कोणी तुमच्या दारात आला, त्याला तुम्ही कुरकुरतानाच दिसलात, आणि तो आल्या पावली परत गेला. तळ्यांवरचं, धानाच्या जुन्या वाणांवरचं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेवरचं, सगळं खाली पडून आहे. तर पोरगी म्हणाली, त्यातले चांगले निवडून वर मांडू, येणाऱ्याला आधी तेच सापडले पाहिजेत. "आन् निवडशील तू. आम्ही तर सुट्टीतच यायचो. तू तर होतीच ना आजोबाजवळ."

होते ना. आई बाजेवर पडली तेव्हापासून होते. मला चौथीतून काढलं तेव्हा गुरुजी घरी आले होते. तुम्ही पुढच्या छपरीत बसून त्यांना म्हणालात, "पोरगी हुशार आहे हे मलेबी दिसते गुरुजी, पण चुलीपाशी कोण बसन?" गुरुजी चहा पिऊन गेले. मग लग्न झालं, तिकडचं काही धड झालं नाही, परत आले आणि त्याच चुलीपाशी बसले. आई गेली, तुम्ही मोहाडीच्या कचेरीतून रिटायर झालात, भाऊ आपापल्या गावी लागले, आणि घरात राहिलो तुम्ही आणि मी.

मला वाचायला वेळ लागतो. ओळीखाली बोट ठेवते, जोडाक्षर आलं की अडते. माझा पहिला चष्मा तुम्हीच भंडाऱ्याला नेऊन करून दिला होता. तेवढा एक दिवस आपण दोघं मिळून कुठे गेलो. तुम्ही मला हॉटेलात आलूबोंडा खाऊ घातला. मला वाटलं, बाबांना माझ्या डोळ्यांची काळजी लागली. येताना बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "भातात खडे येऊन राहिले होते वं." मी हसले होते तेव्हा. आता आठवलं की हसू येत नाही.

तुम्ही लिहायचे ते मला अजून दिसतं. छपरीत टेबलाशी बसला आहात, एका बोटाने एकेक अक्षर ठोकता आहात, जीभ थोडी बाहेर. मी झाडू मारत तुमच्या पायाशी येते, तुम्ही न पाहताच पाय उचलता. मी विचारते, "काय लिहून राहिले जी एवढं?" तुम्ही मान वर करत नाही. "तुले नाही समजत ते. चहा मांड." मी चहा मांडते. आत गेल्यावर भांडी जरा जास्तच आपटते. तेही तुमच्या कानावर पडत नाही, तुम्ही तळ्यावरच्या बदकांमध्ये असता.

तर बाबा, समजलं मला. कठीण काही नव्हतंच त्यात. सोपं लिहायचे तुम्ही, आणि चांगलं लिहायचे. उगाच कशाला नाही म्हणू. पण चार-पाच लेख वाचून झाल्यावर मी चांगलं-वाईट पाहणं सोडलं. त्यात मी कुठे येते तेवढंच पाहू लागले. दादा आहे, त्याची सायकल आहे. धाकट्याला दहावीला किती टक्के मिळाले ते आहे. शेजारच्यांचा कुत्रा आहे. पांढऱ्या बैलावर तर दोन लेख आहेत, एक तो आला तेव्हाचा आणि एक तो गेला तेव्हाचा. त्याचा खांदा सुजला की हळद कोण लावायचं? मी. पण लेखात मी कुठेच नाही. तुम्ही तापाने पडला होता तेव्हाचा एक लेख आहे, खिडकीतून तळं कसं दिसायचं त्याचा. पाण्याचा रंग सकाळी कसा, संध्याकाळी कसा. मी बाजेखाली चटईवर होते, कपाळावरच्या पट्ट्या बदलत होते. तळं दिसलं तुम्हाला. लाखोरीच्या डाळीवर एक मोठा लेख आहे. धान कापायच्या आधी शेताच्या ओल्या बांधीत लाखोरी कशी फेकतात, कशी निघते, आणि मंडईला पाहुणे आले तेव्हा तिचे वडे कसे झाले होते, वरून कडक, आतून मऊ, की तुमसरच्या पाहुण्याने लाज सोडून पुन्हा ताट पुढे केलं. पाटा-वरवंट्याचंही लिहिलं तुम्ही. वाटणारे हात सोडून सगळं लिहिलं. त्या दिवशी मी पहाटेपासून डाळ वाटत होते, तळहाताला फोड आले होते.

मी लेख निवडले. ते वर मांडायला पोरगी रविवारी घरी आली, कॉम्प्युटर उघडून बसली, आणि पाहून तिचं डोकंच फिरलं. "अवं आत्या, हे काय निवडलंस? तापाचा, लाखोरीचा, शिंगाड्याचा. यात काय आहे? वाणांचा कुठे आहे? तो तर शिकणारी पोरं मागून राहिली."

"घाल मग तो."

"आन् बैलाचा? लोक रडतात तो वाचून."

"रडू दे. बैलावर दोन दोन लेख आहेत, तेवढे पुष्कळ झाले."

"म्हणजे? बैलाशी काय वैर आहे तुझं?"

भाजी लागली म्हणून आत गेले. भाजी लागली नव्हती. तिला काय सांगणार होते, की ज्या लेखांत मी तुमच्या मागे उभी होते तेवढेच मी उचलले? मला वाटलं, लोक तेच आधी वाचतील तर कोणालातरी दिसेन. शेवटी तिनं माझेही ठेवले आणि बैलाचा एक घातला. गेला तेव्हाचा. मीही वाचून रडले होते, म्हणून राहू दिला.

जाताना तिनं माझ्या फोनवर तुमचं खातं उघडून दिलं. कोणी काही विचारलं तर उत्तर तू देत जा, म्हणाली. पण ते आजोबाच्या नावानंच जाईल, बाजूला त्यांचा फोटो दिसेल. आठवडा गेला असेल. लाखोरीच्या लेखाखाली एका बाईनं लिहिलं, पुण्याची आहे म्हणे. लेख फार आवडला, वडे डोळ्यापुढे आले. आणि शेवटी एवढंच विचारलं, हे वडे केले कोणी होते?

बाबा, मी ओट्याला टेकून उभी राहिले. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा मी लिहिलं, घरीच केले होते. ते तुम्हाला शोभलं असतं. मग पुसलं. एकेक अक्षर शोधून लिहिलं, माझ्या मुलीने केले होते. पाठवलं. बाजूला तुमचा तो शाल पांघरलेला फोटो, आणि समोर ते वाक्य, जसं तुम्हीच बोललात. दुसऱ्या दिवशी त्या बाईचं उत्तर आलं. भाग्यवान आहात तुम्ही.

हा कागद मी त्या ब्लॉगवर टाकणार नाही, पोरीलाही दाखवणार नाही. तिथे परकी माणसं येतात, त्यांच्यापुढे तुमच्याशी भांडायचं नाही मला. ते वाक्यही काढून टाकायला पाहिजे, समजते मला. तुम्ही तसं कधी म्हटलं नाही. तरी रोज उघडून पाहते, आहे का अजून.