बेल वाजेपर्यंत

॥ श्री ॥
ऐरोली, ७ डिसेंबर १९९७

चि. नंदकिशोर यास,
अ. उ. आ. वि. वि. पत्रास कारण ह्यांचा कॉम्प्युटर. तू सांगलीत साऱ्या गावाला कॉम्प्युटर शिकवतोस, आता बहिणीलाही शिकव.

हे जाऊन चार महिने होतील. मागच्या महिन्यात धीर करून कॉम्प्युटर लावला, तर त्यात ह्यांचा आवाज निघाला! नवा माईक तपासायला काहीबाही बोलून ठेवलंय. खाडीचे डास, माझी कारल्याची भाजी, सोसायटीच्या सेक्रेटरीची नक्कल. बारा-तेरा मिनिटांचं असेल. शेवटाकडे, आई, एक सांगायचं राहिलं, असं म्हणतात आणि पडदा गोठतो. माऊस हलत नाही. बंद करून पुन्हा लावावा लागतो. कधी दोन वाक्यं आधीच अडकतो, पण त्यापुढे एकदाही गेलेला नाही.

सासूबाईंचं तुला ठाऊक आहे. हा डबा आल्यापासून मुलगा आपल्याशी धड बोलत नाही म्हणून त्या रुसल्या आणि दोन दिवस ह्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी हे पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत गेले, ते छातीत कळ येऊन तिथेच संपले. आता आई रोज दिवेलागणीला हा आवाज ऐकायला बसतात. काल म्हणाल्या, त्याचा राग अजून गेलेला नाही, मला सांगायचं नाही म्हणूनच थांबतो. यावर मी काय बोलावं, तूच सांग.

तळमजल्यावरचे एक गृहस्थ बघून गेले. फॉरमॅट करा म्हणतात. त्यात आवाज राहील का रे? लवकर कळव. लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीवरून मोजू नकोस.
तुझी,
अरुणाताई


सांगली, १२ डिसेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि. लिफाफ्यावर तुझ्या नावाआधी काय लिहावं यात अर्धा तास गेला. 'सौ.' लिहिता येत नाही आणि दुसरं लिहायला हात होईना. शेवटी नुसतं नाव लिहिलं. रागावू नकोस.

फॉरमॅट अजिबात करू देऊ नकोस. ते म्हणजे पाटी धुऊन टाकणं. त्या गृहस्थांना चहा पाजून वाटेला लाव. फ्लॉपीवर उतरवून पाठव म्हटलं असतं, पण बारा मिनिटांचा आवाज एका फ्लॉपीत मावायचा नाही. एक करता येईल. आवाज चालू असताना खाली पट्टी दिसते, ती माऊसने पुढे ओढलीस तर शेवट आधी ऐकता येईल.

आईंना सांग, यंत्राला राग-लोभ नसतो. सवयी मात्र असतात. म्हणून आठवडाभर वही ठेव. कधी अडकला, खोलीत कोण होतं, काय चाललं होतं, सगळं लिही. क्षुल्लक वाटेल तेही लिही. दाजींचा आवाज मलाही ऐकायचा आहे. तुझ्या मायेचा हक्कदार,
नंदू


ऐरोली, २२ डिसेंबर १९९७

चि. नंदू यास,
अ. उ. आ. नुसतं नाव लिहिलंस ते बरं केलंस. पत्र बिनचूक पोचलं.

पट्टी ओढायला माझा हात धजावला नाही. आईंना वगळून शेवट ऐकायचा म्हणजे नैवेद्य दाखवण्याआधी ताटातलं चाखल्यासारखं वाटतं.

वही ठेवली, आणि ठेवली नसती तर बरं झालं असतं. रविवारी आई घणसोलीला भागीरथीमावशींकडे गेल्या होत्या. मी तीन तास शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप केल्या. एकदाही अडकला नाही. संध्याकाळी आई आल्या, दिवा लागला, आणि त्याच वाक्यावर गोठला. बाकी सहाही दिवस तेच. आईंनी वही वाचली. माझ्यापुढेच थांबतो, म्हणाल्या, आणि ताटावर बसल्याच नाहीत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तू जाणतोस. पण त्या घटकेला मला भीती वाटली. वाटलं, हे खरंच खोलीत आहेत आणि तोंड फिरवून बसलेत.

आई असताना काय वेगळं होतं तेही लिहिते. मी शाळेतून आल्यापासून कॉम्प्युटर चालूच असतो. आई तुळशीपाशी दिवा लावतात, देवापाशी लावतात, ह्यांच्या फोटोला हात जोडतात. मग ह्यांची राखाडी शाल त्या डब्यावर पांघरतात आणि मागून नीट खोचतात. थंडीत ह्यांना खोकला व्हायचा ना. मग मी आवाज लावते. झालं की शालीची घडी परत कपाटात. एवढंच. माझं डोकं चालेनासं झालंय. मायेत उणं पडू देऊ नकोस.
ताई


सांगली, २७ डिसेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि. शाल काढ.

डब्याच्या मागे एक पंखा असतो, तो आतली गरम हवा बाहेर टाकतो. शाल खोचली की त्याचं तोंड बंद होतं. आधीच तापलेला डबा दहा-बारा मिनिटांत आणखी तापतो आणि गोठतो. बिघाड काहीच नाही.

आईंना हे कसं सांगायचं ते माझ्या विषयात बसत नाही. त्यांच्या मायेनेच दाजींचा आवाज कोंडला, असं मात्र चुकूनही सांगू नकोस. जे ऐकाल ते दोघींनी मिळून ऐका. लोभात ठेव.
नंदू


ऐरोली, ४ जानेवारी १९९८

चि. नंदू यास,
अ. उ. आ. आईंना सांगितलं की ह्यांना शालीत उकडतंय. त्यांना लगेच पटलं. खोकत असले तरी हे पंख्याशिवाय झोपत नसत आणि त्यावरून मायलेकांची रोज जुंपायची. आईंनी शाल काढली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली.

आई, एक सांगायचं राहिलं, असं म्हणून हे थांबले. या वेळी पडदा गोठला नाही. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. हे म्हणाले, आई, तू उठू नकोस, गुडघे दुखतील, मी उघडतो. खुर्ची सरकली, दार उघडलं आणि माझा आवाज आला. किल्ली विसरले, कोथिंबीर मात्र ताजी मिळाली, असं काहीतरी. तिथे संपलं.

नंदू, ती बेल मी वाजवली होती. दोन मिनिटं उशिरा आले असते तर ह्यांचं वाक्य पुरं झालं असतं. काय सांगायचं राहिलं ते आता कधीच कळणार नाही.

आईंनी आवाज भरल्याची तारीख विचारली. कॉम्प्युटरवर दिसली, अबोल्याचा दुसरा दिवस. तेव्हा त्या आतल्या खोलीत उठू लागल्या होत्या, आणि ह्यांचं हे बोलणं ऐकून, उत्तर न देता, पुन्हा बसल्या होत्या. त्यांना सगळं आठवलं. खूप रडल्या. मग म्हणाल्या, मी बोलत नव्हते, पण तो माझ्याशी बोलत होता गं.

आता रोज शेवटपर्यंत ऐकतो. बेल वाजली की आई गुडघ्यांवर हात टेकून उठू लागतात. हे म्हणतात, तू उठू नकोस. आई आता बरं म्हणतात आणि बसतात. मग दार उघडतं, आणि बाहेर मी उभी असते.

वेळ काढून ये. तुझ्या लोभावर दिवस चालले आहेत.
तुझी,
अरुणाताई