शनिवारी नळ येईल

अतुल,
ताईचा जयभीम.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला सगळ्या पाहुण्यांसमोर तू म्हणालास, "ताई पडेगावला राहते, तिला कुठं जमायचं? आईचं सगळं आम्हीच केलं." दवाखान्यात आईजवळ कोण झोपायचं, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. मी पंगतीत वरण वाढत होते. वाढतच राहिले.

दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला, "सॉरी ताई." सॉरी तर तू रिक्षात कुणाला धक्का लागला तरी म्हणतोस. मग मोठा मेसेज आला, "दिलगिरी व्यक्त करतो." ती तुझ्या ऑफिसातली. खाली शिक्का तेवढा राहिला होता.

आपल्या वडलांना माफी मागता आली नाय कधी. पण आईला लई बोलले, की पुढच्या वेळी नळ आल्यावर ते तिला उठू द्यायचे नाहीत. सगळे ड्रम घासून, पाणी गाळून स्वतः भरायचे. आई अंथरुणातूनच म्हणायची, "पुरं करा आता, सांडतंय." तेवढ्यावर दोघांचं मिटायचं. तूही बघायचास की उंबऱ्यात बसून.

इकडं शनिवारी नळ येईल. माझे गुडघे कसे झालेत, तुला माहीत आहे. पण हे पत्र मी पाठवणार नाय. वाचून तू येशील, ड्रमही भरशील, आणि ती मी सांगितलेली मदत होईल, माफी नाय.

शनिवारी दाराला कडी लावणार नाय.

तुझी ताई,
निशा