काळ्या दगडाची भिंत

साक्री, गुरुवार संध्याकाळ

आज कॉलेजच्या मुलांना डाइक दाखवायला नेलं. जमिनीच्या भेगेत लाव्हा थिजून झालेली ती काळी भिंत. वीस वर्षं प्रत्येक वर्गाला तिच्यासमोर उभं करून शिकवलं. आज तिथे खड्डा होता, शेजारी खडीचं क्रशर. मालक धावत येऊन पाया पडला. माझाच जुना विद्यार्थी, प्रवीण.

"मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, आजूबाजूचा दगड झिजतो, पण ही भिंत टिकते? म्हणून हीच घेतली. एक नंबर खडी निघाली!"

टोमणा नव्हता. तो खरंच आभार मानत होता. हेच शिकवलं का मी? "चहा नको," एवढंच बोलले. मुलं वह्या उघडून थांबली होती. शेवटी त्यांना खड्ड्याची लांबी-रुंदी मोजायला लावली.