तीन खुर्च्या आणि माझे कान

४ मार्च
ठरलं! लेकीसाठी येणाऱ्या स्थळांची परीक्षा घ्यायची. बैठकीत तीन खुर्च्या – एक नक्षीची, एक मऊ गादीची आणि एक माझ्या हातची पहिली, कुरकुरणारी. जो जुनीत बसेल तो माणूस! मी फळीच्या भिंतीपलीकडे, कारखान्यात. माझी प्रत्येक खुर्ची मी आवाजावरून ओळखतो. बायको म्हणाली, "जावई शोधताय की गिऱ्हाईक?" लेक म्हणाली, "हो म्हणायचं की नाही ते मात्र मी ठरवणार, बाबा." म्हटलं, बरं. म्हणायला काय जातं!

९ मार्च
पहिला सूटवाला. तडक नक्षीच्या खुर्चीत. "अशा दोन आमच्या दाराशी ठेवू." दाराशी! महिनाभर कोरली ती काय बूट घालायला?

१० मार्च
दुसरा मावशीला घेऊन आला. जुनी खुर्ची कुरकुरली! "मला साधेपणा फार भावतो," – हे मोठ्याने. मी आत धावणार, तेवढ्यात मावशीची कुजबुज – "हीच ना रे? मध्यस्थांनी सांगितलेली?"
त्या मध्यस्थाच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! त्याला कोणी सांगितलं होतं? मीच. ते इथेच राहू दे.

१४ मार्च
दोन स्थळं परत पाठवली म्हणून बायकोने अबोला धरलाय. फक्त भांडी बोलतात.

१७ मार्च
तिसरा, दातांचा डॉक्टर. एकटाच आला. बोलणं इतकं हळू, की माझ्या कानांनीही हात टेकले. लेक दोनदा हसली. मग – कुर्रर्र! मागचा डावा पाय! बढाई नाही, कुजबुज नाही. तसाच आत घुसलो, "जावईबापू!" दोघंही उभी. मला पाहून उठला असणार – पोराला रीत आहे! लेकीने मान डोलावली. बायको बोलली एकदाची – "सुटले!"

१८ मार्च
लेक आत्ता सांगून गेली. काल तिने त्याला आल्याआल्याच सगळं फोडलं होतं – खुर्ची कोणती, बाबा कुठे. तो म्हणाला, "मग आता मी जुनीत बसलो तर ते ढोंगच. मी उभाच बरा, सवय आहे – माझ्या खुर्चीत दिवसभर दुसरेच बसतात. तुम्ही निवडा."
जुनीत ती बसली होती!
"आणि तू त्याला हो कधी म्हणालीस?"
"ऐकलंत की तुम्ही – कुर्रर्र!"